अण्णांचं आणि आत्याचं कानाचं मशीन: दीड वर्ष वापरून मग लिहिलेला अनुभव

आमच्या घरात आत्तापर्यंत तीन वेळा कानाचं मशीन विकत घेतलं. त्यातलं पहिलं आजही कपाटाच्या खणात डबीत पडून आहे आणि नंतरच्या दोन वेळी घेतलेली रोज सकाळी दात घासून झाले की कानात जातात. फरक का पडला ते, आणि नंतरची जिथे घेतली त्या कोल्हापूरच्या क्लिनिकचा अनुभव, सविस्तर लिहिते, कारण गेल्या वर्षभरात शेजारपाजारच्या निदान सात-आठ जणांनी मला विचारलंय की कुठलं मशीन घेतलं, केवढ्याला घेतलं, आणि प्रत्येकाला मी आधी एकच विचारते की ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो त्याचा रिपोर्ट, काढलाय का, तर बहुतेकांना तो काय असतो तेच माहीत नसतं.

आम्ही इचलकरंजीचे. अण्णा म्हणजे माझे वडील, वय 71, बत्तीस-तेहतीस वर्षं मागावर गेली, आधी माग चालवले आणि मग जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघणारा, म्हणून. साध्या मागाच्या शेडमध्ये जे कधी उभे राहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको, धोट्याच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, सगळे ओठ बघून आणि हाताच्या खुणांनी बोलतात. तिथे कानात कापसाचा बोळासुद्धा कोणी घालत नव्हतं. रोज आठ तास 85 डेसिबलच्या वरचा आवाज वर्षानुवर्षं कानावर पडला की ऐकणं कायमचं जातं हे मला ऑडिओलॉजिस्टनी, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञांनी, सांगितल्यावर कळलं. अण्णांना ओठ वाचायची सवय इतकी पक्की होती की त्यांना कमी ऐकू येतं हे आमच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं ते कोरोनात, सगळ्यांनी मास्क लावल्यावर! दुकानदार काय म्हणतोय, डॉक्टर काय म्हणतायत, काही कळेना. तेव्हा आईला कळलं की हा माणूस इतकी वर्षं आपल्याकडे बघून ऐकत होता.

मग 2022 ला गावात एका हॉलमध्ये फुकट कान तपासणीचं शिबिर होतं तिथे नेलं. हॉलमध्ये पंखे चालू, मुलं रडतायत, बाहेर रिक्षा, आणि त्या गोंगाटात एका छोट्या मशीनवर दोन-चार मिनिटं बीप ऐकवून त्या माणसाने सांगितलं की कमी ऐकू येतंय, मशीन लावा, आजच्या दिवस ऑफर आहे. अठरा हजार दिले. एकाच कानाला, डाव्या. नाव लिहीत नाही, पण तिथे कोणी कानात टॉर्च मारूनसुद्धा बघितलं नाही. घरी आल्यावर अण्णांची एकच तक्रार, "घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटतंय." स्वतःचाच आवाज घुमायचा, भांडं पडलं की दचकायचे, उशीला कान लागला की शिट्टी वाजायची, आणि एवढं करून नात काय म्हणते ते तरी कळावं तर तेही नाही. महिनाभर लावलं, मग डबीत गेलं. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला सवय होईल. मला आजही वाईट वाटतं की आम्हीपण अण्णांना तेच म्हणत राहिलो, सवय होईल, जरा लावून तर ठेवा.

पुढच्या वर्षी एका मैत्रिणीने सांगितलं म्हणून कोल्हापूरला ज्या क्लिनिकमध्ये गेलो त्याचा हा रिव्ह्यू आहे. आत गेल्यावर मशीनचं नावच काढलं नाही. आधी विचारलं की ईएनटीला, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना, दाखवलंय का. नव्हतं दाखवलं. मग त्यांनी परत पाठवलं, ईएनटीने दोन्ही कानातून मळ काढला, उजव्या कानात तर बूच बसल्यासारखा मळ होता, पडदा बघितला आणि चिठ्ठी दिली. मगच साऊंडप्रूफ खोलीत बसवून टेस्ट. पाऊण तास लागला. आधी हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीचे आवाज, खालच्या 250 हर्ट्झपासून वरच्या 8000 पर्यंत, मग कानामागच्या हाडावर एक छोटं यंत्र टेकवून तेच परत, मग कानात हवेचा दाब देऊन पडद्याची हालचाल, आणि शेवटी मराठी शब्द ऐकवून ते परत म्हणायला सांगितले.

हाडावरची टेस्ट कशासाठी ते मी विचारलं, आणि तिथल्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी खरंच वेळ काढून कागदावर चित्र काढून समजावलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. कानाची दोन कामं असतात. बाहेरचा कान, पडदा आणि मधली तीन बारीक हाडं आवाज आत पोचवतात. आत शंखासारखा भाग आहे, त्यातल्या बारीक केसपेशी आवाजाचं सिग्नलमध्ये रूपांतर करून नसेला देतात. पोचवण्याच्या वाटेत अडथळा असेल, म्हणजे मळ, फाटलेला पडदा, मधल्या कानात पाणी, हाड घट्ट होणं, तर तो कंडक्टिव्ह लॉस. शंख किंवा नस खराब असेल तर सेन्सरीन्यूरल. दोन्ही असेल तर मिक्स्ड. हाडावर टेकवलेला आवाज पडदा वगळून थेट शंखात जातो, त्यामुळे हाडाने नीट ऐकू येतंय पण हेडफोनने येत नाही म्हणजे गडबड वाटेत आहे, आणि दोन्हीने सारखंच कमी येतंय म्हणजे गडबड आत आहे. इतकं सोपं आहे आणि शिबिरात हे केलंच नव्हतं.

अण्णांचं दोन्हीने सारखंच कमी होतं, म्हणजे सेन्सरीन्यूरल. उजव्या कानाचे आकडे माझ्याकडे अजून आहेत (डेसिबलचा आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी), 500 हर्ट्झच्या पट्टीला 25 डेसिबल, 1000 ला 35, 2000 ला 50, आणि 4000 ला एकदम 70, मग 8000 ला जरा सुधारून 60. 4000 ला असा खड्डा पडणं ही आवाजाने खराब झालेल्या कानाची खूण असते म्हणे, मागवाल्यांचे, पोलीस-मिलिटरीवाल्यांचे ऑडिओग्राम खूपदा असेच दिसतात. आता यातली गंमत नाही, खरं दुखणं बघा. रिपोर्टवर 500, 1000 आणि 2000 ची सरासरी काढतात, ती आली 37, आणि खाली लिहिलं गेलं 'माईल्ड'. ते वाचून माझा भाऊ म्हणाला की मग एवढं काय, सौम्यच आहे की. पण माणसाचं बोलणं नुसत्या सरासरीत बसत नाही. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते अण्णांना छान ऐकू येतात, म्हणून कोणीतरी बोलतंय हे कळतं. स, श, त, थ, क, फ यांची ओळख वरच्या पट्टीत असते, तीच गेलीय. त्यामुळे 'साठ' म्हटलं तरी 'आठ' आणि 'आठ' म्हटलं तरी 'आठ'. बाजारात पैशावरून कितीदा घोळ झालाय यावरून. बायका आणि लहान मुलांचा आवाज पातळ, म्हणून भावाचं बोलणं कळतं पण आईचं आणि नातीचं कळत नाही, आणि आई बिचारी इतकी वर्षं समजत होती की हे मुद्दाम दुर्लक्ष करतात. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा आई तिथेच रडायला लागली.

म्हणून जुन्या मशीनने त्रास का झाला तेही तिथेच कळलं. ते सगळ्याच पट्ट्यांचा आवाज वाढवत होतं आणि त्याच्या घट्ट रबराने कान बंद करत होतं, म्हणजे जे चांगलं ऐकू येत होतं तेही बिघडवत होतं. शिवाय शंख खराब असला की हळू आवाज ऐकूच येत नाही पण मोठा आवाज मात्र आपल्याइतकाच, कधी जास्तच टोचतो, त्यामुळे मशीनने हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज थोडाच वाढवायला पाहिजे, आणि ते प्रत्येक पट्टीसाठी वेगळं. हे सेटिंग ऑडिओग्राम बघून कॉम्प्युटरवर करतात. अण्णांना आरआयसी प्रकार दिला, कानामागे छोटं मशीन, पातळ वायर, आणि स्पीकर कानाच्या आत, टोकाला जाळीसारखा उघडा डोम. उघडा म्हणजे खालच्या पट्टीचा आवाज नेहमीच्या वाटेने आत जातो आणि घागरीसारखं घुमणं बंद. पहिल्या दिवशी लावल्यावर अण्णा फक्त "हं" म्हणाले आणि मग स्वतःच दोन-तीनदा काहीतरी बोलून बघितलं.

दोन्ही कानांना घ्या हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला आधी विक्रीची युक्ती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी आठवडाभर ट्रायलला दिलं, तीन दिवस एक लावून आणि मग दोन लावून बघा म्हणाल्या. एकच लावल्यावर मागून गाडी आली तर कुठल्या बाजूने ते अण्णांना कळत नव्हतं, दोन लावल्यावर कळायला लागलं. माझं ते तिथेच ठरलं.

किंमत. त्यांनी चार थरांतली मशीनं दाखवली, जोडी साधारण पन्नास हजारांपासून अडीच लाखांच्या वरपर्यंत. फोनॅक, ओटिकॉन, सिग्निया, वायडेक्स, रिसाउंड, स्टार्की ही सगळी नावं तुम्हाला कुठेही ऐकायला मिळतील आणि सगळ्यांची हलकी-भारी दोन्ही मॉडेलं असतात, त्यामुळे मी आमची कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर लोक तेच मॉडेल मागतात आणि कान वेगळा असतो. भारी मशीनमध्ये मुख्य जास्त काय तर गोंगाटात समोरच्याचं बोलणं वेगळं काढणं, आपोआप प्रोग्रॅम बदलणं, फोन-टीव्हीचा आवाज थेट कानात. मॅडमनी विचारलं की दिवसभर कुठे असता, कोणाशी बोलता. अण्णा सकाळी कट्ट्यावर चार मित्र, मग घर, संध्याकाळी देवळात भजन. फोन साधा बटणांचा. मग त्याच म्हणाल्या की ब्लूटूथचे पैसे कशाला घालवता. मधल्या थरातली जोडी घेतली, 96 हजार. ज्या ठिकाणी स्वतःहून स्वस्तातलं सुचवतात तिथे माझा विश्वास बसतो. कानाच्या मशीनवर जीएसटी नाही, हे बिल घेताना लक्षात ठेवा.

आणखी एक, ज्याचं नाव मी आधी कधी ऐकलं नव्हतं, ते म्हणजे रिअल इअर टेस्ट. मशीन लावलेलं असताना कानात एक केसासारखी बारीक नळी घालून पडद्याजवळ खरंच किती आवाज पोचतोय ते मोजतात. प्रत्येकाच्या कानाची नळी लहान-मोठी असते, त्यामुळे कॉम्प्युटरने दिलेला अंदाज आणि खरा आवाज यात फरक पडतो. अण्णांच्या डाव्या कानात वरच्या पट्टीचा आवाज ठरवल्यापेक्षा बराच कमी पोचत होता, तो तिथल्या तिथे वाढवला. ही सोय सगळीकडे नसते, म्हणून फोन करतानाच विचारा. आणि ऑडिओलॉजिस्टचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन आहे का तेही विचारा, बोर्डवर नुसतं स्पेशालिस्ट लिहिलेलं चालत नाही.

आता आत्याचं. आत्या 63 ची, लहानपणापासून दोन्ही कान फुटलेले, उजवा बऱ्याच वर्षांपासून कोरडा, डावा सर्दी झाली की वाहतो. अण्णांचं बघून तीही मशीन घ्यायला आमच्याबरोबर आली, पैसे पिशवीत घेऊनच आली होती. आणि मॅडमनी पहिल्या भेटीत मशीन द्यायला चक्क नकार दिला! वाहत्या कानात काही घालून तो बंद केला तर आतलं पाणी साचून त्रास वाढतो, आधी कान कोरडा करा, आणि ऑपरेशनने पडदा बसवता येतो का ते डॉक्टरांना विचारा. डॉक्टर ऑपरेशनला तयार होते पण आत्याची शुगर तेव्हा फार होती म्हणून ते पुढे ढकललं, थेंब आणि औषधांनी दीड महिन्यात डावा कान कोरडा झाला, मग परत गेलो.

तिचा ऑडिओग्राम अण्णांपेक्षा अगदी उलटा. हेडफोनने 55-60 डेसिबल, म्हणजे आकड्यात अण्णांपेक्षा कितीतरी वाईट, पण हाडाने जवळपास नॉर्मल, 15-20. मधे चाळीसचं अंतर. शुद्ध कंडक्टिव्ह. शंख ठणठणीत आहे, त्याला नुसता आवाज पुरेसा मोठा करून दिला की झालं. म्हणून तिला मशीन मिळालं 21 हजारांचं, साधं डिजिटल, कानामागचं बीटीई, उजव्या कोरड्या कानाला, मापाचा मोल्ड, म्हणजे कानात बसणारा प्लास्टिकचा तुकडा, करून आणि त्याला हवेसाठी छिद्र ठेवून. आरआयसी का नाही विचारलं तर त्याचा स्पीकर कानाच्या आत असतो, कान पुन्हा वाहिला की तो खराब होणार, बीटीईमध्ये सगळं बाहेर आणि आत फक्त प्लास्टिक, ते धुता येतं. माप घेताना पडदा फाटलेला म्हणून आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा आत ठेवून मगच मापाचा मसाला भरला. ही काळजी ज्यांना माहीत नाही त्यांच्याकडे फुटलेल्या कानाचं माप अजिबात देऊ नका.

आणि रिझल्ट? आत्याने मशीन लावलं, मॅडम तिच्या मागे जाऊन हळू आवाजात बोलल्या, आत्याने शब्दन् शब्द परत सांगितला. "आता मला सगळं ऐकायला यायलंय गं," एवढंच म्हणत बसली. अण्णांच्या जोडीच्या पावपट पैशात तिला अण्णांपेक्षा जास्त स्पष्ट ऐकू येतं. अण्णांना मशीन लावूनही शांत खोलीत छान, पण लग्नाच्या हॉलमध्ये अजून अर्धं निसटतं, कारण ज्या केसपेशी मेल्या त्या कुठलंच मशीन परत आणत नाही, ते फक्त उरलेल्यांना मदत करतं. हे मॅडमनी पैसे घ्यायच्या आधी सांगितलं होतं. शब्दांच्या टेस्टमध्ये त्यांचे शंभरातले ऐंशीच बरोबर आले होते, म्हणजे मशीननेही साधारण तेवढंच होणार, असं स्पष्ट सांगितलं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की किती कमी ऐकू येतं याच्याबरोबर कुठल्या प्रकारचं कमी ऐकू येतं ते आधी विचारा, खर्च त्याच्यावर ठरतो.

वापरायला लागल्यावरचं थोडं. पहिले पंधरा दिवस अण्णांना पंख्याचा, प्लास्टिकच्या पिशवीचा, नळाचा, स्वतःच्या चपलेचा आवाज त्रास द्यायचा. मुद्दाम कमी आवाजावर सुरुवात करून तीन भेटींत हळूहळू वाढवला. पहिल्या आठवड्यात दोन तास, मग चार, असं करत आता दिवसभर असतं. त्यांच्या कानात रात्री माग चालल्यासारखी घरघर असायची, मशीन लावलेलं असतं तेव्हा ती कमी जाणवते असं ते सांगतात. आम्हीपण शिकलो, दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही, समोर येऊन सावकाश बोलायचं, ओरडायचं तर अजिबात नाही.

अण्णांचं चार्जिंगचं आहे, रात्री डबीत ठेवलं की सकाळी तयार. बोटं थरथरतात म्हणून बारीक सेल बदलणं त्यांना जमलं नसतं. आत्याचं सेलवर चालतं, 13 नंबर, केशरी स्टिकरचा, दहा-बारा दिवस जातो. स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटं तसाच ठेवून मग बसवायचा, त्याला हवा लागते, आणि एकदा काढलेला स्टिकर परत लावून सेल वाचत नाही. पावसाळ्यात दोन्ही मशीनं रात्री सिलिका जेलच्या डबीजवळ नाहीतर डबीतच. अण्णांच्या स्पीकरच्या टोकाला मळ अडवणारी बारीक जाळी असते, आवाज कमी झाला की आधी ती बदलून बघा. आम्ही ते न कळून एकदा कोल्हापूरची फेरी मारली.

क्लिनिकबद्दल तक्रारी आहेत आणि त्या लिहायलाच हव्यात. पहिला मजला, लिफ्ट नाही, जिना उभा. बाहेर बसलेल्यांना नाव पुकारून आत बोलावतात, आणि बसलेले सगळे कमी ऐकू येणारे! आमच्या डोळ्यांसमोर एका आजोबांचा नंबर दोनदा गेला. साधी नंबरची पाटी लावली तरी पुरे. अपॉइंटमेंट फक्त फोनवर घेतात, व्हॉट्सॲपवर द्या म्हणून मी तीनदा सांगितलंय. आणि अण्णांचं उजवं मशीन वॉरंटीत दुरुस्तीला गेलं तेव्हा बारा दिवस लागले, तोवर बदली मशीन दिलं नाही. एवढे पैसे घेताना ही सोय हवीच. म्हणून पाचपैकी चार.

ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, केंद्र सरकारची, 1983 पासूनची, तिथे टेस्ट होते आणि एडीआयपी या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेत उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना मशीन मिळतं. साठीच्या पुढच्या गरीब लोकांसाठी 2017 पासून वयोश्री योजना आहे, तिच्या शिबिरांमध्येही कानाची मशीनं देतात. अण्णा या कशात बसले नाहीत. अपंगत्वाच्या 2016 च्या कायद्यात बसायला दोन्ही कानांचा दोष 60 डेसिबलच्या पुढे लागतो. आणि ऑनलाइन दीड-दोन हजारांना जे मिळतं ते आवाज मोठा करणारं यंत्र आहे, सगळंच मोठं करतं, आमच्या अठरा हजारांच्या मशीनचा अनुभव वाचलात ना, तेच होईल. आणि कोणाचा एक कान अचानक एका दिवसात बंद झाला तर मशीनच्या दुकानात जाऊ नका, त्याच दिवशी ईएनटी गाठा, त्याला औषधं लवकर सुरू झाली तरच उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.

पुढच्या महिन्यात दोघांनाही परत घेऊन जायचंय. अण्णांचा ऑडिओग्राम दरवर्षी नवा काढतात, आणि आत्याचा मोल्ड सैल झालाय, जेवताना चावलं की शिट्टी मारतो, तोही तेव्हाच नवा करून घेणार आहे.